शिपाई आला की राजा उठतो

जोयडा,
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. कविताआत्यास,

वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तेव्हा अर्धाच पोचला असला तरी पुरा मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? मामांची साखर? फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर मी घाईत काहीबाही बोलते. शिवाय पत्राला आणखी एक कारण आहे, ते खाली येईल.

पाऊस लागायच्या आधी इथे आदिवासी स्त्रियांचा नाट्यमहोत्सव झाला. (कुणबी आदिवासी की नाहीत हे सरकारदरबारी अजून ठरायचंय, बॅनरवाल्याने एका दुपारीत ठरवलं.) गुंद गावच्या कुणबी बायकांचं नाटक बसवायला मला बोलावलं. आपण रामनगरचे दुकानदार. फुगडीत जन्म घालवलेल्या बायकांना रंगभूमी शिकवणारी मी कोण, असा प्रश्न मी डायरीत पानंच्या पानं विचारला आणि शेवटी हो म्हणाले.

नाटक साधं. राजा रानातले कंद खणायला बंदी करतो आणि शिपाई एकेक चोर धरून आणतो. राजा झाली सुमंगला, कारण तिचा आवाज पार धरणापर्यंत जाईल असा. शिपाई झाली तिची सासू गिरजामावशी, कारण शिपायाला काठी असते. इथेच माझी अक्कल कमी पडली. सासू समोर आली की सुनेने बसून राहायचं नाही, ही त्या घरची रीत, आणि ती सुमंगलाच्या अंगात मुरलेली. शिपाई दरबारात शिरला की राजा ताडकन उभा, डोक्यावर पदर, आणि पदरासरशी मुकुट खाली. मी सिंहासन उंच केलं, तर ती उंचावरून उठली. सासूला दाढी लावली, तर म्हणाली, दाढीमागं त्याच हाईत न्हवं. भूमिका बदलू म्हटलं, तर गिरजामावशी काठी सोडीना.

त्यात सुमंगलाचं खरं दुखणं वेगळंच. तुमच्या धारवाडला पावसाळ्यात महिनाभराच्या नाट्यशिबिराला तिची निवड झाली होती आणि सासूने घरात साफ नाही म्हटलं होतं. भाताची लावणी कोण करणार? नवरा झिलू आईपुढे बोलत नाही आणि बायकोपुढेही बोलत नाही, त्यामुळे तो आपल्याच बाजूचा आहे असं दोघींनाही वाटतं.

प्रयोगाला मांडव भरला होता. पहिला चोर म्हणजे केशर. तिला धरून शिपाई आला, राजा उठला, मुकुट गडगडत केशरच्या पायाशी गेला आणि तिने तो उचलून स्वतःच घातला. आता राज्य कोणाचं हे मलाही कळेना. लोक हसून बेजार. गिरजामावशीने काठी आपटली.

"बस गे खाली. राजा न्हवं तू? आख्ख्या तालुक्यात माजी शोभा करतीस."

सुमंगला बसली. सासूसमोर पहिल्यांदाच. तिथून तिला काय दिसलं कोण जाणे. तिने मुकुट मागून घेतला, नीट बसवला आणि माझ्या नाटकात नसलेलं वाक्य बोलली.

"शिपाई, ऐका. आमी म्हयनाभर धारवाडला नाटक शिकाया जानार. कुनाची ना हाय काय?"

शिपायाला नाटकभर मी एकच उत्तर लिहिलं होतं, 'जी सरकार'. गिरजामावशीने लोकांकडे पाहिलं, मग झिलूकडे (तो मोबाईलवर शूटिंग करत होता, म्हणजे पुरावाही झाला) आणि काठी टेकून वाकली.

"जी सरकार. पन लावणी झाल्यावर."

मी विंगेत इतकी हसले की पडद्याची दोरी हातून सुटली. नाटक तिथेच संपलं. उरलेले चोर पकडलेच गेले नाहीत. दिग्दर्शिकेने हसावं का, यावर अजून विचार चालू आहे. सुमंगलाला ते वाक्य मी शिकवलं नव्हतं, हे मात्र खरं. (एकदाच म्हणाले होते की सिंहासनावरून बोललेलं कोणी मोडत नाही. याला शिकवणं म्हणायचं का, ते तू ठरव.)

तुझी भाची,
सावित्री

ता.क. लावणी झाली. शिबिरात राहायची सोय नाही. सूरज बेंगळुरूला गेल्यापासून तुमची माडीवरची खोली रिकामीच आहे ना?

ता.क. २. गिरजामावशीही येतेय. सुनेला एकटीला कसं धाडू, असं गावात सांगते. मला मात्र जीपच्या थांब्यावर हळूच विचारलं, तिथं म्हाताऱ्या बायकांना राजा व्हायला शिकवतात काय.

ता.क. ३. हे पत्र टपालाने धाडलेलं नाही. तुझ्या हातात दिलं ती सुमंगला, मागे कंदांचं पोतं घेऊन उभी ती गिरजामावशी. शेजाऱ्यांदेखत तुझ्या तोंडून 'या, बसा' निघून गेलं असेल, तर आता इलाज नाही. चारचौघांत दिलेला शब्द गिरजामावशी कोणाला परत घेऊ देत नाही. तिला तरी कुठे घेता आला?