पानाची मागची बाजू

पप्पा, तुमचं पुस्तक छापणार आहेत. धर्मसुधारणेच्या काळातल्या ज्या इतिहासकारावर तुम्ही स्वतःचं आणि न विचारता आमचंही आयुष्य घालवलंत, त्याचं चरित्र. तुमचे एक विद्यार्थी, जे आता पुण्याच्या तुमच्याच सेमिनरीत शिकवतात, गेल्या शुक्रवारी आमच्याकडे आले होते. दुबई मरीनाला त्यांची बहीण राहते, तिच्याकडे उतरलेत. तिथून शारजात, आमच्या अल नहदाच्या घरी पोहोचेपर्यंत ट्रॅफिकने त्यांचा जीव इतका मेटाकुटीला आणला की आत आले ते पाणी मागतच. तुमचा फोटो भिंतीवर नाही हे त्यांनी पाहिलं आणि ट्रॅफिकचंच बोलत राहिले. सभ्य माणूस आहे. तुमच्या हाताखाली शिकून इतका सभ्य कसा राहिला, कुणास ठाऊक.

तुमच्याबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून आले. माझी मुलगी चहा घेऊन आली होती, ती ट्रे हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली. आजोबांसाठी कुणी रडू शकतं हे तिला नवीन होतं. मग ते कामाचं बोलले. "ताई, ओरिजिनलच लागेल, सरांचं अक्षर स्कॅनवर लागत नाही. पुढच्या रविवारी माझी फ्लाइट आहे, मी हातानेच नेतो. आणि फॅमिलीकडून दोन पानं हवीत. घरात सर कसे होते, एवढंच." मी म्हटलं, इन्शाल्ला. नाही म्हणायचं नसतं तेव्हा इथे हा शब्द फार उपयोगी पडतो. त्यांना वाटलं मी हो म्हणाले.

तर आता तुमचं बाड माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर आहे आणि ती दोन पानं मी त्यांच्याऐवजी तुम्हालाच लिहिते आहे. घरात सर कसे होते, हे सरांना तरी कळू दे.

तुमचा तो इतिहासकार सगळ्यात आधी आठवतो तो जेवताना. आमच्या घरी तो पाहुण्यासारखा रोज पानावर असायचा. पोपची सत्ता चुकीची आहे हे सिद्ध करायला त्याने पोपच्याच लोकांची जुनी कागदपत्रं गोळा केली, शत्रूला शत्रूच्याच तोंडच्या शब्दांनी पाडलं, हे तुम्ही भाकरी मोडता मोडता सांगायचात. तो भिक्षूचा वेश करून मठामठांतून हिंडायचा आणि झग्यात लपवलेल्या सुरीने हस्तलिखितांची पानं कापून पळवायचा, अशी त्याच्या वैऱ्यांनी उठवलेली आवई होती. ती खोटी आहे, त्याने फक्त नकला केल्या, असं तुम्ही चिडून सांगायचात आणि जेवण उरकलं की दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन बसायचात. पुस्तकातला हवा तेवढा मजकूर कापायचा, पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटवायचा आणि बुटाच्या खोक्यात रचायचा. त्या कार्डांना तुम्ही साक्षीदार म्हणायचात. एकही वाक्य साक्षीदाराशिवाय लिहायचं नाही, हा तुमचा नियम.

कागदापुरता ठेवला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही आम्हालाही तसंच वाचलंत. आई तापात काय बरळली ते तुम्ही जपून ठेवलंत आणि ती बरी झाल्यावर भर पंगतीत तिलाच ऐकवलंत. मला बघायला या घरातली माणसं आली तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात की मुलगी आळशी आहे, आणि हे मी म्हणत नाही, तिच्याच तोंडचं सांगतो. मग मी लहानपणी रविवारच्या उपासनेला कंटाळून काय बोलले होते ते शब्दन् शब्द म्हणून दाखवलंत. माझे सासरे हसले म्हणून लग्न झालं. त्यांच्या त्या हसण्यावर मी आज शारजात आहे, आणि समुद्र मध्ये आहे याचं मला आजही बरं वाटतं. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्ही उपासनेलाही शुक्रवारी जातो, हेही ऐकून ठेवा. त्यावर तुम्ही एक प्रकरण लिहिलं असतंत.

आणि तो रविवार. मी तेव्हा सातवीत असेन. आई चर्चमध्ये, मंडळीत, नेहमीप्रमाणे बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर उभी आहे. तिच्या हातात तिच्या आईचं गीतांचं पुस्तक आहे, कडा तेलकट झालेलं, माहेराहून तिने मागून आणलेली एकच वस्तू. पाळक गीताचा क्रमांक सांगतात. ते तिचं गीत आहे, तिची आई मरताना सगळ्यांनी पलंगाभोवती म्हटलेलं. पेटी सुरू होते, पहिली ओळ नेहमी आईच उचलते, म्हणून सगळी मंडळी थांबलेली आहे. आई पान उघडते आणि तिथे पान नाही. शिवणीपाशी एक सरळ रेघ आहे. पेटीवाला पुन्हा सुरुवात करतो. आई त्या रेघेवर बोट ठेवून उघड्या पुस्तकाकडे बघत उभी राहते. तुम्ही पुरुषांच्या बाजूला उभे आहात आणि खणखणीत आवाजात ते गीत तुम्हीच सुरू करता.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली की सांगायचं तरी होतं. तुम्हाला म्हणे त्या पानावरचं एका जर्मन गीताचं भाषांतर हवं होतं, त्या इतिहासकाराच्या काळातलं. आईचं गीत त्याच्या पाठीवर होतं. तुम्ही कोट काढता काढता म्हणालात, "मागे काय आहे ते मी बघत नाही. मला हवं होतं ते पुढे होतं. आणि पान गेलं तर गीत गेलं का? पाठ नाही तुला?" पाठ होतं, पप्पा. तिला अख्खं पुस्तक पाठ होतं. त्यानंतर ती मंडळीत ओठ हलवायची, आवाज काढायची नाही, आणि तुम्ही ती मरेपर्यंत ते ओळखलं नाहीत.

तुमच्या त्या इतिहासकाराचं आयुष्य कशाने नासलं तेही मला तोंडपाठ आहे. पाप हा माणसाला लागलेला डाग आहे असं त्याचे सोबती म्हणत होते. तो म्हणाला, डाग कसला, कापडच ते आहे. मित्रांनी विनवण्या केल्या, एवढं एक वाक्य मागे घे. त्याने घेतलं नाही. एका शहराने हाकललं, मग दुसऱ्याने, आणि तो बायकामुलांना घेऊन वणवण हिंडत राहिला. हे सांगताना तुमचा चेहरा उजळायचा. मी गणितात नापास झाले त्या दिवशी तुम्ही मला समोर उभं केलंत. मी म्हटलं, पप्पा, चूक झाली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तू चूक केली नाहीस. तू चूक आहेस." तुम्हाला ते शास्त्र वाटत होतं. मी बारा वर्षांची होते.

काल मी बाडात त्याची बायको शोधली. बाळंतपणामागून बाळंतपण काढत त्याच्यामागे गावोगाव फरफटत गेलेली आणि शेवटी बाळंतपणातच मेलेली बाई. तिला तुम्ही किती जागा दिलीत, आठवतं? "कुटुंबासह स्थलांतर केले." एवढीच. शेवटी त्याला पाळकांनी नीट मातीसुद्धा दिली नाही, हे मात्र चांगलं तीन पानं आहे. त्याच्यासारखं आपलंही व्हावं अशी तुमची इच्छा होती, आम्हाला कळत होतं. पण तुमच्या मातीला सगळे पाळक आले, आणि ज्यांच्याशी तुम्ही भांडलात तेच तुमच्याबद्दल गोड बोलले. तुम्हाला याहून मोठी शिक्षा मला सुचली नसती.

मग मी पहिल्या पानावर आले. ऋणनिर्देश. "माझ्या पत्नीने आयुष्यभर दिलेल्या मूक सहकार्याबद्दल." मूक. तिला मुकी कुणी केली याला साक्षीदार आहे, तो बुटाच्या खोक्यात आहे. मी पार्सलं फोडायचा कटर आणला, पट्टी लावली आणि शिवणीपाशी सरळ रेघ ओढली. पान अलगद सुटून हातात आलं. हात तुमचाच आहे, हेही दिसलं.

मुलगी दारात उभी होती. "मम्मा, ही इज डेड. ही कान्ट ईव्हन आन्सर यू."

मी म्हटलं, "मला तरी त्यांना कुठे उत्तर देता यायचं."

ती म्हणाली, "सो नाऊ यू आर ईव्हन. खलास," आणि आत निघून गेली.

पान टेबलावर उपडं पडलं होतं. कागद वाया जाऊ नये म्हणून तुम्ही दोन्ही बाजूंनी लिहायचात. मागे पहिल्या प्रकरणाची सुरुवात होती. त्या इतिहासकाराचं समुद्राकाठचं गाव, बाप वारलेला, आणि तो लहान मुलगा धक्क्यावर उतरणाऱ्या प्रत्येक खलाशाला विचारतो आहे की माझे वडील कसे बोलायचे, कसे हसायचे, सांगा. तुमचेही वडील तुम्हाला आठवत नसताना गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. तुम्ही कधी बोलला नाहीत आणि आम्हाला विचारण्याची सोय नव्हती. त्या पानावर खाली एकही टीप नाही. कुठल्या ग्रंथात मिळालं, कुणी पाहिलं, काही नाही. अख्ख्या बाडात साक्षीदाराशिवाय लिहिलेलं ते एकच पान आहे, आणि तुमचं चरित्र आता वाक्याच्या मध्यावर सुरू होतं.

रविवारी बाड त्यांना देईन. पान देणार नाही. चिकटवता येईल, घरात टेप आहे, पण मग तुमचं ते मूक सहकार्यही छापून येईल. हे तुम्हाला लिहिलेलंही कुठे जाणार नाही, त्या पानाबरोबर ड्रॉवरमध्ये राहील. पान चांगलं आहे, पप्पा. कापण्याआधी मी ते उलटून पाहिलं नव्हतं.