चढावर बंद पडलेली गाडी

१२ जून

चि. गोट्या,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालू देतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नवीन मशीन घेतल्यापासून दिवसभर खडखडाट असतो. सूनबाईचा खोकला थांबला का?

एक सांगायचं राहिलं. गाडीची दुसरी किल्ली तू मागितलीस तेव्हा मी हरवली म्हणाले. खोटं बोलले. मंगळवारी सकाळी त्याच किल्लीने गाडी काढली आणि चढ टाळून, सपाट रस्त्याने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. कपाळाला हात लावू नकोस, पुढे वाच.

हिवाळ्यापासून सांगत होते, गाडीला नासक्या अंड्यांचा वास येतो. तू म्हणालास, "आई, तुला हल्ली काहीही वास येतात." अरे, शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढली मी. तो वास झोपेतही ओळखेन. शेवटी गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीखाली सरपटत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, कन्व्हर्टर गेलाय. धूर साफ करणारा डबा असतो ना, तो आतून फुटून तुंबलाय. धुराला वाटच नाही, मग चढावर इंजिन दम टाकणारच. ह्या मॉडेलचे डबे कंपनीनंच परत मागवलेत. फुकट बदलून देतात."

वर्कशॉपमधल्या टायवाल्या गृहस्थांनी कागद पाहिले. "गाडी मुलाच्या नावावर आहे. त्यांना पाठवा."

"कंपनीने परत काय मागवलंय? गाडीचा डबा की माझा मुलगा?"

"नियम आहे, आजी."

"छापील असेल तर दाखवा."

नव्हता. मी त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी चहा विचारला, नको म्हटलं. उद्या या म्हणाले, तेही नको म्हटलं. दुपारी त्यांच्या वरच्या बाई आल्या. चेसिस नंबर जुळतो, एवढं पुरे, म्हणाल्या. गुरुवारी डबा बदलला. मी शेजारी उभी राहून बघितलं. फिटरने जुना डबा हलवून दाखवला, आत नुसता खुळखुळाट.

आता जे लिहायचं टाळत होते ते. त्या बाईंनी फाइल उघडली. कंपनीचं रजिस्टर पत्र तुझ्या घरी फेब्रुवारीतच पोचलंय. पोचपावतीवर सही तुझी. लहानपणी प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकायचास, तेव्हापासून तुझं अक्षर मला पाठ आहे.

मार्चमध्ये मी ठकीला घेऊन चढावर अडकले. मागे ट्रक, गाडी मागे सरकतेय, पोर रडतेय, आणि मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढून धरलेला. त्या संध्याकाळी तिच्यासमोर तू माझ्या हातातून किल्ली काढून घेतलीस आणि तिला म्हणालास, "आजीचं आता वय झालं. तिच्याबरोबर गाडीत बसायचं नाही."

पाकीट न उघडताच तू कुठेतरी टाकलंस, असं मी धरून चालते. जाणूनबुजून काही करणारा तू नाहीस. पण नेमकं काय झालं, एवढंसुद्धा मला विचारलं नाहीस.

आणि खरं सांगू? माझाही विश्वास बसला होता. तीन महिने रस्ता ओलांडायला कुणाचा तरी हात धरायची. गॅस बंद केला का, ते चारचारदा जाऊन बघायची. रडले नाही, पण स्वतःला मोडीत काढलं होतं. ते तीन महिने तुला परत देता येणार नाहीत, म्हणून मागत नाही.

मागते ते एवढंच. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला मी येतेय, चढाच्या रस्त्याने. काल दोनदा वर जाऊन आले, इंजिन हूं की चूं नाही. ठकीला माझ्याबरोबर पाठवायचं की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. लेक तुमची आहे. पण त्याआधी तिला समोर बसव आणि सांग, त्या दिवशी आजी चुकली नव्हती. मी सांगणार नाही. तूच सांगायचंस, माझ्यादेखत.

लोभ आहे, राहीलही. माघार मात्र नाही.

तुझी
आई