अर्धं दिसायचं तेव्हा

माय, तुझ्या डोळ्यांना काय व्हायचं ते मला आता कळलं आहे. तुला जाऊन सोळा वर्षं झाली, त्यामुळे हे सांगून तुझा काही फायदा नाही. पण दुसऱ्या कोणाला सांगावं, तेही सुचत नाही.

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. शेलूबाजारच्या शाळेत मी चौथीच्या वर्गाला फळ्यावर गणित घालत होते. लिहिता लिहिता मधला आकडाच नाहीसा झाला. डोळे चोळले, तर त्या रिकाम्या जागेभोवती एक चमकती, नागमोडी कड उमटली आणि हळूहळू पसरत गेली. हा डोळा झाकला तरी ती तिथेच, तो झाकला तरी तिथेच. मग उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, त्या कोपरापर्यंत चढल्या, अर्धा ओठ बधिर झाला. मुलांना 'बसा' म्हणायचं होतं, तोंडातून भलताच शब्द निघाला. मुलं हसली. मी खुर्ची धरून उभी होते आणि मनात एकच, हा लकवा आहे. अर्ध्या तासात सगळं ओसरलं आणि मग डोक्याची एक बाजू ठणकायला लागली.

घरी बोलले नाही. पण दोन महिन्यांत ते आणखी तीनदा झालं. आदल्या दिवशीच मला फोडणीचा वास सहन होईनासा व्हायचा, कारण नसताना रडू यायचं. भांडं पडलं तरी मी ओरडायचे. एकदा हे म्हणाले, "तुले झालं तरी काय? काहून अंगावर येऊन राह्यली?" मला वाटायचं, डोक्यात गाठ असेल, नाहीतर मला वेड लागत असेल. यातलं काय कमी वाईट, याचा मी भाजी निवडताना विचार करत बसायचे. शेवटी ह्यांनीच वाशिमला डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचा फोटो काढला, तो चांगला आला. डॉक्टर म्हणाले, ही अर्धशिशीच आहे. डोळ्यांपुढची नक्षी, मुंग्या, चुकलेले शब्द, आदल्या दिवशीची चिडचिड, सगळी एकाच दुखण्याची अंगं. वेड नाही. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं का? आईला?"

आणि मला आपलं जऊळक्याचं स्वयंपाकघर दिसलं. दाराशी उजेड असतो म्हणून तू तिथेच शिलाई मशीन मांडली आहेस. मी चौदा वर्षांची. कोणाच्या तरी लग्नाचा ब्लाऊज तू बेतते आहेस, आणि मधेच कैची थांबते. "मले अर्धं कापडच दिसून नाही राह्यलं," तू म्हणतेस. तरी तू कापतेस, कारण जिचा ब्लाऊज ती बाई संध्याकाळी येणार आहे. बाही पार वाकडी कापली जाते. बाई आली, कापड पाहून तडकली. तू काही सांगणार, तेवढ्यात मीच तिला म्हटलं, "हिचं असंच असते काकू. कामाचा कंटाळा आला का हिचे डोळे जातात." बाई हसली. आपल्याकडे सगळे तुझ्याबद्दल असंच बोलायचे, मी फक्त तोंडावर बोलले.

ती गेल्यावर तू दार लोटून घेतलंस, डोक्याला फडकं आवळलंस आणि भिंतीकडे तोंड करून निजलीस. तशीच भिंतीकडे बघत म्हणालीस, "मले घरात खोटी म्हन. चारचौघात नोको म्हनू." त्यानंतर डोळ्यांबद्दल तू कोणापुढे अवाक्षर काढलं नाहीस. मला वाटलं, तुझं दुखणं गेलं.

डॉक्टरांना मी सांगितलं, हो, आईला होतं. बाहेर येऊन जिन्यातच बसले.

आता गोळ्या चालू आहेत. झोप, जेवण वेळेवर, कधी काय झालं ते वहीत लिहून ठेवते. दुखण्याची खेप कमी येते. तरी भीती जात नाही. उन्हात पत्रा चमकला तरी मी एकेक डोळा झाकून पाहते. आणि गेल्या रविवारी तुझी नात, अकरा वर्षांची, पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. "आई, शब्द अर्धेच दिसून राह्यले." माझी भीती तिला कळू न देता पडदा ओढला, तिला मांडीवर घेतलं. सांगितलं, हे जातं बाळा, मलाही होतं, तुझ्या आजीलाही व्हायचं. आपण घड्याळ पाहू. पंचवीस मिनिटांत तिला सगळं दिसायला लागलं. उद्या तिला वाशिमला न्यायचं आहे. डॉक्टर तेच सांगतील असं वाटतं, पण ते सांगेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एवढं लिहून टाकते. मांडीवर पडल्या पडल्या तिने विचारलं, "मंग आजीले असं व्हायचं तवा तू काय करत होती?"

मी म्हटलं, "मी डोकं चेपून देत होती."