वॉशिंग मशीन बंद, संयम चालू

३ मार्च
आजपासून रागावणे बंद. ऑफिसने दोन दिवस मनःशांतीच्या शिबिराला पाठवलं. कारण काय, तर शिपायावर स्टेपलर फेकला. लागला नाही, त्याचं कौतुक कुणी करत नाही. शिबिरातले गुरुजी म्हणाले, धीर धरा, श्रद्धा ठेवा, घर हीच प्रयोगशाळा. घरी आलो तर वॉशिंग मशीन बंद! हा योगायोग नव्हे. परीक्षा आहे.

४ मार्च
मेकॅनिकला फोन. उद्या येतो म्हणाला. मी म्हटलं, सावकाश या. केवढा बदल! पूर्वी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. बायकोने साठलेले कपडे हाताने धुतले. चादरींसकट.

७ मार्च
मेकॅनिक नाही. उद्या नक्की म्हणतो. बायको म्हणाली, अहो, चौकात दुसरा आहे, त्याला बोलवा. तिला शांतपणे समजावलं, की दुसऱ्याला बोलावलं तर पहिल्यावरच्या श्रद्धेचं काय? ती तेव्हा माझी जीन्स पिळत होती. बहुधा पटलं असावं.

११ मार्च, सकाळी ६.१०
बाथरूममधल्या धोपटण्याच्या आवाजाने झोपमोड. पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं. आज फक्त उठून दार लावून घेतलं.

१४ मार्च
बायकोचं उजवं मनगट दुखतंय. ती शिंप्याच्या दुकानासाठी घरी बसून हाताने काजं करते. शर्टामागे सात काजं. आज काजं वाकडी आली म्हणून शिंप्याने अख्खा गठ्ठा परत पाठवला. ती रडली. मी अजिबात चिडलो नाही. म्हटलं, दुखणं येतं तसं जातं.
मुलगी मध्येच म्हणाली, बाबा, माझी परीक्षा संपेपर्यंत तरी तुम्ही धुवा ना. पोरीची जीभ फार चालते. तिला म्हटलं, मी धुतलं तर तुझ्या आईची साधना अर्धवट राहील.

१७ मार्च
शर्टाच्या कॉलरला साबण राहिलेला. दिवसभर मान खाजली. बायकोला एका शब्दाने बोललो नाही. कॉलर नुसती तिच्यासमोर धरली. बराच वेळ.

२० मार्च
ऑफिसात संयमावर पाच मिनिटं बोललो. टाळ्या. साहेब म्हणाले, तुमच्या घरचे भाग्यवान. घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मुलगी पुस्तक उचलून आत गेली. मोठेपणा पचायला वेळ लागतो.
मेकॅनिक सोमवारी येणार.

२४ मार्च
बायकोला डॉक्टरकडे नेलं. म्हणजे मुलीने नेलं, मी ऑफिसातून थेट पोचलो. मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, पिळायचं काम केव्हाच थांबवायला हवं होतं. बारीक काम पुन्हा जमेल की नाही, सांगता येत नाही. संध्याकाळी शिंप्याचा निरोप आला, काजं दुसऱ्या बाईकडे दिली. बारा वर्षांचं काम गेलं. बायको मला काही बोलली नाही. तिचा संयम वाढलाय. त्यात माझाही वाटा आहे.
परवा ऑफिसला सुट्टी. धुणं मी करणार. प्रसन्न मनाने.

२६ मार्च
८.०५ बादलीपाशी बसलो. मंद श्वास.
८.२० ओली चादर म्हशीएवढी जड असते, हे कुणीच सांगितलं नव्हतं. पिळू म्हटलं तर पिळली जात नाही.
८.३१ चादर भिंतीवर आपटली. बादलीला लाथ. मेकॅनिकच्या, गुरुजींच्या आणि चादरीच्या सात पिढ्या.
८.३५ चौकातल्या दुसऱ्या मेकॅनिकला फोन.
८.५५ तो आला.
९.०२ मशीन चालू. पाणी जायच्या पाइपात मोजा अडकला होता. माझा. त्याने विचारलं, किती दिवस बंद होतं? मी म्हटलं, दोन-तीन. आतून बायको म्हणाली, तेवीस. तो तिच्या प्लास्टरकडे बघत राहिला. मग हत्यारं गोळा करून गेला.
९.३० मशीनमध्ये कपडे भरले. पावडर कुठल्या कप्प्यात घालायची? बटण कुठलं दाबायचं? नऊ बटणं आहेत. मुलगी परीक्षेला गेलीय.
१०.४० अजून मशीनसमोर उभा आहे. बायको पलीकडच्याच खोलीत आहे, जागी आहे. तिला विचारायला तोंड नाही.