माझ्या माघारी घर, हत्यारं आणि फिल्टरची ओळ

मी, विजयमाला त्रिंबक गित्ते, वय ५९, राहणार घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड, हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वखुशीने आणि चहा पिऊन लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असणाऱ्यांनी आपलं तपासून घ्यावं. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर मुलगी करिष्मा हिला. पती त्रिंबकराव यांनी तहहयात तिथेच राहावं. मात्र गच्चीवर कबुतरं पाळू नयेत.

२. पाना, पक्कड, केबलची हत्यारं आणि माझी सेटिंगची वही करिष्मालाच. तीही सर्व्हर सांभाळायचंच काम करते.

३. डोळ्यांच्या ज्या खासगी दवाखान्यात मी अठरा वर्षं सर्व्हर सांभाळला, तिथले मालक डॉ. अमरसिंह यांचे मेहुणे प्रविण यांना वहीतल्या एका पानाची झेरॉक्स द्यावी. कारण लिहून ठेवते.

तिथे एका मोठ्या मशीनच्या पोटात चार आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरची, मशीनं चालत. मोठ्या मशीनने फक्त स्वतःची डिस्क उघडावी, आतल्यांच्या डिस्कला हात लावू नये, अशी एक ओळ मी सेटिंगमध्ये घातली होती. तिला एलव्हीएम फिल्टर म्हणतात. मी रजेवर असताना माझ्या जागी बसलेल्या प्रविणने "कशापायी ठेवली ही?" म्हणत ती काढली आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. एकाच डिस्कवर दोन बाजूंनी लिहिलं गेलं. रुग्णांच्या नोंदी एकमेकांत घुसल्या.

मी परतले तेव्हा चौसाळ्याच्या साखराबाई ऑपरेशनच्या टेबलावर होत्या. मोतीबिंदू काढून उसाच्या टोळीसोबत जायचं होतं त्यांना. स्क्रीनवर नोंदींची सरमिसळ दिसली तशी मी दारात आडवी उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "बाजूला व्हा."

"डोळा पुन्हा मोजा. मग होते."

मोजला. स्क्रीनवर बसवायच्या लेन्सचा नंबर एकवीस होता, डोळ्याला हवा होता सतरा. अकरा जणांचं असंच निघालं. बॅकअपवरून सगळं परत आणायला मला दोन दिवस लागले. अहवालात चूक माझी ठरली; मेहुणा तो मेहुणाच. मी ओळ पुन्हा घातली, वहीत कारणासकट उतरवली (तेच हे पान) आणि राजीनामा दिला. वाईट लई वाटलं, अजून वाटतं.

४. डॉ. अमरसिंह यांना काही नाही. तेराव्याला आले तर जेवू घालावं, पण भाषण करू देऊ नये.

५. माझे डोळे दान करावेत. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला फोन लागतो. त्रिंबकराव, आधी फोन करा, मग रडा.

वाचून, समजून, खालील दोघी साक्षीदारांसमोर सही केली.

विजयमाला त्रिंबक गित्ते (सही)

साक्षीदार: १. विमलबाई केंद्रे (सही) २. वैष्णवी देशमुख (सही)

घाटनांदूर, दि. ११ जानेवारी २०२५