वाऱ्याला पाठ

मिरकरवाडा, रत्नागिरी

माझा दोस्त आणि त्याहून अवघड नातं म्हणजे मेहुणा, गनी यास,

अस्सलामु अलैकुम. इथे तुझी बहीण कनीज खुशाल आहे, मीही खुशाल आहे (तपासणीअंती). तिकडे मुंब्र्यात तुझी तब्येत ठणठणीत असेलच, निदान तू तसं सांगतोस. फोनच करणार होतो, पण तू स्पीकर लावून सुनांसमोर बोलतोस आणि ही हकीकत सुनांसमोरची नाही.

माझी लघवी अडखळत होत होती. रात्रभर खेपा घालायच्या आणि हाती फारसं काही नाही, आपल्या बोटीच्या शेवटच्या हंगामासारखं. कनीजने दवाखान्यात नेलं. तिथे धारेची तपासणी असते. भरपूर पाणी पिऊन तुंबवून धरायचं, मग एका खोलीत नरसाळं बसवलेलं यंत्र असतं त्यात सोडायचं. धारेला जोर किती, त्याचा आलेख यंत्र काढतं. आत गेलो, दार लावलं, तर नरसाळ्याच्या मागे उभा पंखा, समोरून भन्नाट वारा. आता उभा जन्म बोटीवर तांडेलकी केलेला माणूस काय करील? वाऱ्याकडे तोंड करून कधी सोडायचं नाही, हे नव्या खलाशांना तूच शिकवायचास (काही जण तुझ्याआधी वाऱ्याकडूनच शिकले). मी सवयीने वाऱ्याला पाठ केली आणि मोकळा झालो. नरसाळं पाठीमागे राहिलं.

यंत्र चालवणारी मनस्वी बाहेरून म्हणाली, "चाचा, सुरू करा ना."

"झालं," मी म्हटलं.

"आलेखात तर काहीच नाही." तेवढ्यात तिला दाराखालून आलेला ओहोळ दिसला. कनीज सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काळोखात बोट बंदराला लावायचे म्हणे हे. एवढं नरसाळं गावलं नाय."

पुन्हा पाणी, पुन्हा बाक. या वेळी मनस्वीने पंखा बंद केला, तर वाऱ्याबरोबर मीही बंद. शेवटी तिने नळ सोडून ठेवला, तेव्हा जमलं. मग सोनोग्राफीत आत किती उरलं ते पाहिलं. प्रोस्टेट वाढलंय, गोळ्या दिल्यात. इज्जत सोडली तर काही गेलं नाही आणि दुखलं तर मुळीच नाही.

तुझा,
अक्रम

ता. क. : भाभीने कनीजला सगळं सांगितलंय. तुझी लघवी लाल होते आणि तू बीट खाल्लं म्हणतोस. कालवणातला टोमॅटो वेचून समुद्रात टाकणारा तू, बीट कधीपासून खायला लागलास? असा लाल रंग अंगावर काढू नये, असं डॉक्टरांनी बजावलंय (मी 'एका दोस्ताचं विचारतोय' म्हटलं, त्यांना वाटलं मीच). मंगळवारी तुझं नाव लावलंय. मुकाट ये.

आणखी एक : मनस्वीला सांगून पंखा दाराकडे हलवून घेतलाय. वाऱ्याला पाठ केलीस की नरसाळं बरोबर समोर येईल.