कप्तानाला बर्फावरच राहू द्यावे

मी, या कागदाखाली सही करणारा, धंद्याने साहसकथांचा लेखक, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे तर राजीखुशीने हे लिहून ठेवीत आहे. परवा डॉक्टरांनी माझ्या फुप्फुसांचा फोटो उजेडाकडे धरला आणि माझ्याऐवजी माझ्या मुलीशी बोलायला सुरुवात केली. काय ते मी तेव्हाच समजलो. डोके मात्र ठिकाणावर आहे. वकीलसाहेबांनी तशी खात्री करून घेतली आहे.

१. छापखान्यावरच्या दोन खोल्या आणि गॅलरी हे आमचे राहते घर. ते पत्नीच्या हयातीपर्यंत तिचे, तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांचे समसमान. ती आहे तोवर घर विकू नये आणि "आईची सोय" म्हणून तिला कोठेही हलवू नये. मुला, हे तुला उद्देशून आहे. तू मनाने वाईट नाहीस, पण तिच्याशी मोठमोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलतोस. तिची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत.

२. माझ्या साहसकथांचा नायक जो कप्तान, त्याच्या सर्व पुस्तकांचे हक्क पत्नीला. ते तसेही तिचेच आहेत. पोरांनी श्वास रोखून वाचावे आणि जाता जाता परमुलखाचा भूगोलही त्यांच्या पदरात पडावा, असा आमचा बेत. त्यात संकटे माझी, सुटका तिची. ती शाळेत भूगोल शिकवायची. मी कप्तानाला कुठेतरी अडकवून ठेवायचो आणि जेवताना विचारायचो, "आता हा सुटतो कसा?" तिथला वारा, तिथली भरती, तिथली झाडे यांच्याच जोरावर ती त्याला बाहेर काढायची. देव धावला, योगायोग घडला, असले तिला चालत नसे. मी स्वतः कुठे गेलो नाही. मला होडीत बसल्याबरोबर मळमळते. मुलगा त्यातल्याच एका देशात नोकरीला गेला आणि फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्या पुस्तकातलं इथे काही नाही हो. नुसत्या पार्किंगच्या जागा!" ती पोट धरधरून हसली होती.

३. प्रकाशकांना, बर्फाळ वाळवंटाच्या पुस्तकावर त्यांनी छापलेले नारळाच्या झाडाचे मूळ चित्र. मी ते जपून ठेवले आहे. ते साभार परत करावे.

४. आता शेवटचे, अपुरे पुस्तक. कप्तान उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रात, तुटून वाहत निघालेल्या बर्फाच्या लादीवर एकटा आहे. जुन्या समुद्री बर्फातले मीठ हळूहळू निघून जाते, तो वितळवून पिता येतो, हे तिने सांगितले, म्हणून त्याच्या पाण्याची सोय झाली. सुटका तेवढी राहिली. त्या दुपारी ती म्हणाली, "मला माहितीये तो कसा सुटतो. आधी जेवून घ्या, मग सांगते." वाढता वाढताच ती ओट्यापाशी कोसळली.

उजवे अंग गेले, वाचा गेली. डाव्या हाताचे एक बोट चालते. पलंगाच्या कडेवर एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी रोज विचारत बसतो. वारा फिरतो का? नाही. प्रवाह त्याला किनाऱ्याला लावतो? नाही. सीलचे शिकारी भेटतात? नाही. एकदा प्रकाशक आले, म्हणाले, "अहो, हेलिकॉप्टर पाठवा, सुटेल बिचारा!" त्यावर तिचे बोट जे वाजायला लागले, ते गृहस्थ जिना उतरेपर्यंत थांबले नाही.

मागच्या महिन्यात न राहवून विचारले, "तुला खरंच ठाऊक होतं का गं?" बोट दोनदा वाजले. ठाऊक होते ते पुसले गेले, की मला जेवायला उठवण्यासाठी थाप मारली होती, हे एका बोटाने सांगता येत नाही. मला रडू आवरले नाही.

म्हणून पुस्तक आहे तिथेच थांबवून छापावे. कप्तानासाठी कोणी होडी, विमान वा हेलिकॉप्टर पाठवू नये. वकीलसाहेबांच्या मते करारानुसार कप्तान प्रकाशकांच्या मालकीचा आहे आणि ही अट टिकणार नाही. तरी लिहितो. लिहिण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे?

५. मुलीला माझे टेबल आणि भिंतीवरचे नकाशे. तिने रोज संध्याकाळी आईला प्रश्न विचारावेत. चादर बदलू का, दूध देऊ का, एवढेच नव्हेत. नद्यांचे, वाऱ्यांचे, दूरच्या बंदरांचे. इथे वकीलसाहेबांनी मला थांबवले. म्हणाले, "मायेची अट नाही हो घालता येत." तर मग ही विनंती समजावी.

सही करण्यापूर्वी हे सगळे मी पत्नीला वाचून दाखवले व विचारले, "ठीक आहे ना?" दोनदा वाजले. घराचे चुकले? नाही. पुस्तकांचे? नाही. मुलांचे? नाही. सगळी कलमे विचारून झाली. वकीलसाहेब घड्याळ बघू लागले. मग मी विचारले, "मी तुझ्याआधी चाललोय, ते?"

एकदा वाजले.

त्यावर कोणते कलम घालावे ते वकीलसाहेबांना सुचले नाही, मलाही नाही. मी सही करीत आहे.

स्थळ: राहते घर, तिच्या पलंगाशेजारी
दिनांक: आजचा, आकडा वकीलसाहेब घालतील
सही: (लेखक)

आमच्यासमक्ष सही झाली. आम्हाला यातले काही मिळायचे नाही:
साक्षीदार १: खालचे छापखानेवाले
साक्षीदार २: सकाळी येणाऱ्या नर्सबाई